पहिल्या टर्मिनलवरचे मल्लप्पा मास्तर

मे महिन्यात सोलापुरात दुपारी दोन वाजता शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. शरणबसव हिप्परगी स्वतःला शहाणा समजायचा. होटगी रोडवरच्या आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर त्यानं अर्ध्यावर ओढलं होतं आणि कूलरपुढे पाय पसरून तो भाकरी आणि शेंगाचटणी खात बसला होता. जेवून एक डुलकी काढायची, एवढाच त्याचा बेत होता. तेवढ्यात शटरखालून वाकून एक बाई आत आली. पंचेचाळिशीची असेल, कपाळावर विभूती, डोक्यावर उन्हासाठी पदर.

"युनिक्सचं काम करणारे तुमीच का, अण्णा?"

शरणबसवचा घास हातातच राहिला. वीस वर्षांत त्या दुकानात कुणी त्या जुन्या कॉम्प्युटर प्रणालीचं नाव काढलं नव्हतं. लोक यायचे ते मोबाइल तापतो म्हणून, नाहीतर पोरानं लॅपटॉपवर चहा सांडला म्हणून. त्याला एकदम बार्शीचे शिकण्याचे दिवस आठवले. तिथल्या त्या हिरव्या अक्षरांच्या काळ्या पडद्यांवर त्याचा जीव होता. तेव्हा त्याला वाटायचं, आपण जन्मभर हेच करणार. पुढे त्यानं जन्मभर प्रिंटरच दुरुस्त केले, ते सोडा.

"व्हय, मीच. बसा की अक्का. काय झालंय?"

बाईचं नाव धनलक्ष्मी. अक्कलकोट रोडच्या एका चादरीच्या कारखान्यात ती नक्षीचं काम बघायची. तिच्या आधी तेच काम तिचे वडील, मल्लप्पा मास्तर, करायचे. एक-दोन नाही, चांगली छत्तीस वर्षं. मास्तर आधी कागदावर घरं आखून नक्षी काढत. मग कारखान्यानं एक युनिक्सचं मोठं मशिन घेतलं, त्याला पाच टर्मिनलं जोडली, आणि पन्नाशीला आलेला हा माणूस तपकीर ओढत, दोन बोटांनी कळा बडवत नक्षी काढायला शिकला. पुढं नवी यंत्रं आली, चार टर्मिनलं मेली, पण मास्तर काही तिथून उठले नाहीत. आठ महिन्यांपूर्वी ते गेले, लिंगैक्य झाले, आणि त्यांच्यामागोमाग त्यांचं उरलेलं टर्मिनलही गेलं.

"आमची अव्वा हाय, शांतम्मा," धनलक्ष्मी आपल्या आईबद्दल सांगू लागली. "अप्पांनी साऱ्या मुलखाला चादरी दिल्या, पण घरात कायम डागी माल. कडंला फाटलेली, रंग उतरलेली. अव्वानं कवा तोंड उघडलं न्हाय. गेल्या श्रावणात अप्पा तिला म्हणले, तुझी चादर काढायला घेतलीय, एकच विणायची, कुणाला विकायची न्हाय. ती नक्षी त्या मशिनीत हाय, अण्णा. आन आज पाच वाजता भंगारवाला येतोय. मालकांनी ती खोलीच मोडायला काढलीय. अव्वा अठ्ठ्याहत्तरची हाय. रोज विचारती, धना, माझी चादर कुटं हाय? तिला मी काय सांगू?"

शरणबसवनं डबा बंद केला. डुलकी गेली ती गेलीच.

"मशिन चालू होतंय का?"

"फिरतंय. नुसता आवाज येतोय. बघायला पडदाच न्हाय. एकजण म्हणला, आतली डिस्क काढून न्या. पण ती लावायला तसलं जुनं मशिन सोलापुरात कुणाकडं न्हाय."

"डिस्कला हातच लावायचा न्हाय," शरणबसव उठत म्हणाला. त्याच्या अंगात आता चांगलीच हुशारी आली होती. "अक्का, टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आन कळफलक. त्याला डोकं नसतंय, डोकं सगळं मशिनीत. आपण माझ्या लॅपटॉपला टर्मिनलचं सोंग घ्यायला लावू. मशिनीला वाटायला पायजे, आपलं जुनंच माणूस समोर येऊन बसलंय. तिला वाटलं, की ती बोलती."

हे वाक्य बोलताना आपण काय बोलतोय याची त्याला अर्थातच काही कल्पना नव्हती.

कारखान्याची ती खोली मागच्या जिन्यानं वर होती. खाली मागांची खटाखट चाललेली, वर पत्र्याखाली भट्टी पेटलेली. दारावर फिकट अक्षरांत 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी होती. एके काळी कॉम्प्युटरच्या खोलीत देवघरासारखं अनवाणी जायची रीत होती, ती पाटी अजून तशीच राहिलेली. धनलक्ष्मीनं सवयीनं चपला काढल्या. शरणबसवच्या बुटांच्या नाड्या घामानं घट्ट बसल्या होत्या. मोडक्या खोलीत कसला आलाय मान, असं म्हणून तो तसाच आत शिरला.

आत कापसाची भुकटी आणि तापलेल्या धुळीचा वास होता. भिंतीला लागून पाच टेबलं. चार रिकामी. कोपऱ्यातल्या पहिल्या टेबलावर मास्तरांचं टर्मिनल होतं, काच मधोमध तडकलेली, मागची वायर कापून खिळ्याला गुंडाळून ठेवलेली. मशिन मात्र गोदरेजच्या कपाटाशेजारी ऐटीत उभं होतं. धनलक्ष्मीनं बटण दाबलं. आधी ते खोकलं, मग घरघरलं, मग एका सुरात गाऊ लागलं.

शरणबसवनं लॅपटॉप उघडला. त्यावर लिनक्स होतं, म्हणजे त्याच युनिक्सच्या भावकीतलं. पिशवीतून त्यानं केबल काढली. आतल्या दोन तारांची त्यानं अदलाबदल करून घेतली, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जाईल. मशिनच्या मागे तिसऱ्या टर्मिनलच्या जागेवर ती खोचली. पडद्यावर काहीच नाही. त्यानं एन्टर दाबलं. पडद्यावर प्रश्नचिन्हं, ठिपके, उलटे तिरके आकडे यांचा नुसता चिखल झाला.

"बिघडलं?" धनलक्ष्मीनं घाबरून विचारलं.

"बिघडलं कशानं? बोलाय लागलंय की!" शरणबसवनं टाळी वाजवली. "वेग जुळलाय, बोली जुळत न्हाय. ह्या जुन्या मशिनी सात बिटांत बोलत्यात, आमचा लॅपटॉप आठ धरून बसलाय. थांबा."

त्यानं दोन सेटिंगं बदलली, पुन्हा एन्टर दाबलं, आणि काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत स्वच्छ एक शब्द उमटला. मशिन नाव विचारत होतं. शरणबसव खुर्चीतून अर्धा उठला. त्याला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. धनलक्ष्मीनं पडद्याला हात जोडले, आणि मग अप्पांच्या हाताखाली काम करतानाचं आपलं जुनं नाव घातलं. पासवर्ड तिला आठवत नव्हता, पण बोटांनी तो आपोआप टाइप केला.

पुढं नक्षीचा प्रोग्राम अडून बसला. म्हणे, तुमचं टर्मिनल ओळखीचं नाही. शरणबसवनं त्याला जुन्या टर्मिनलचं नाव सांगून गप्प केलं. प्रोग्राम उघडला, तर चौकटीच्या रेघांच्या जागी नुसती क्यू आणि एक्स अशी अक्षरं.

"अप्पांचं असं नव्हतं," धनलक्ष्मी म्हणाली.

"अप्पांचा काय दोष न्हाय. मशिन म्हणतीय रेघ मार, लॅपटॉपला वाटतंय अक्षर लिही. दोघांची गाठ घालून देतो." दहा मिनिटं खटपट केल्यावर अक्षरांच्या रेघा झाल्या. कडेच्या चौकटी सरळ उभ्या राहिल्या. "झालं! सोंग पक्कं वठलं."

नेमकी तेव्हा तीनची पाळी सुटली. खालचे माग एकेक करून थांबले, आणि त्या खोलीत एकदम शांतता पसरली. इतकी, की मशिनची घरघर छातीत वाजल्यासारखी वाटू लागली.

"एक मिनिट," धनलक्ष्मी म्हणाली, "फाइल उघडायच्या आदी बघायची सवय हाय. दोघांनी एकच नक्षी उघडली तर खराब व्हायची, म्हणून अप्पा बसलेत का ते आदी बघायची मी." तिनं मशिनला विचारलं, आत्ता आत कोण कोण आहे?

मशिननं दोन नावं दाखवली. तिसऱ्या टर्मिनलवर धनलक्ष्मी. पहिल्या टर्मिनलवर मल्लप्पा.

शरणबसव हसला. "जुनं नाव अडकून राहिलंय. मशिन अचानक बंद पडली की असं हुतंय." बोलता बोलता त्याची नजर नावांपुढे लिहिलेल्या, आत शिरल्याच्या वेळेकडे गेली. मल्लप्पांची वेळ धनलक्ष्मीच्या वेळेनंतर बरोबर एका मिनिटाची होती. त्यानं कोपऱ्यात पाहिलं. तडकलेली काच. खिळ्यावर गुंडाळलेली कापलेली वायर.

आणि त्या शांततेत कोपऱ्यातून आवाज आला. टक्… टक्, टक्… टक्.

दोन बोटांनी कळा बडवल्याचा आवाज.

लॅपटॉप एकदम पीं करून ओरडला. पडद्यावर ओळ आली. मल्लप्पा, पहिलं टर्मिनल, यांच्याकडून निरोप. खाली इंग्रजी अक्षरांत, पण भाषा घरचीच:

यारू तो? बूट काढ म्हणावं.

यारू म्हणजे कोण, हे शरणबसवला कळलं. कधी नव्हे ते त्याचे हातपाय भर मे महिन्यात गार पडले. पण खरं सांगायचं तर त्यानं किंचाळायच्या आधी बूट काढले. नाड्या सोडवत बसला नाही, ओढूनच काढले, आणि दाराबाहेर नेऊन जोडीनं नीट ठेवले. परत आला तर धनलक्ष्मी पडद्याकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि तोंडभर हसू.

"आमचे अप्पाच," ती हळूच म्हणाली. "मालकांना पन सोडत नव्हते."

"अक्का… आपण निघूया का?"

"आवो, नक्षी घ्यायचीय की! घाबरताय काय? तुमाला काय केलं त्यांनी? बूटच काढाय सांगितले ना?"

बाईंच्या हिशेबात भूत हा मुद्दाच नव्हता, पाच वाजता येणारा भंगारवाला हा मुद्दा होता. शरणबसव खुर्चीच्या टोकावर बसला. धनलक्ष्मीनं 'अव्वा' नावाची फाइल उघडली.

पडद्यावर चादर उमटली. ठिपके आणि फुल्या, फुल्या आणि ठिपके. कडेनं ज्वारीची भरलेली कणसं, मधल्या मोकळ्या अंगात चिमण्या. काही कणसावर टेकलेल्या, काही नुकत्याच उडालेल्या. नुसत्या फुल्यांनी काढलेली ती पाखरं पाहून शरणबसव दोन मिनिटं भीती विसरला. पन्नास वर्षं सोबत काढलेल्या बायकोसाठी केलेलं काम होतं ते. कुणालाही कळलं असतं.

धनलक्ष्मी मात्र पडद्याला नाक लावून एकेक ओळ तपासत होती. वरून खाली गेली, पुन्हा खालून वर आली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"अण्णा, तुमच्या लॅपटॉपात खोट हाय."

"कसली खोट? किती स्वच्छ दिसतंय!"

"तेच म्हणतीय. लई स्वच्छ दिसतंय. ह्यात चूक दिसायला पायजे."

शरणबसवला आधी वाटलं, उन्हानं बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग तिनं समजावलं. मास्तरांच्या प्रत्येक नक्षीत एक घर चुकीचं असायचं. ठिपक्याच्या जागी फुली, मुद्दाम टाकलेली. गिऱ्हाइकाला ती कधी सापडायची नाही, पण घरच्यांना ठाऊक असायचं. "अप्पा म्हणायचे, काम पुरं झालं की कारागीर मोकळा झाला. एक घर राहिलेलं असलं की त्याला परत यावंच लागतंय. मला एवढ्यात मोकळं व्हायचं न्हाय, म्हणायचे."

शरणबसवमधला कारागीर दुखावला. भुताची भीती एका बाजूला, पण आपल्या जुळणीला नाव ठेवलेलं त्याला खपलं नाही. त्यानं मास्तरांची दुसरी जुनी नक्षी उघडायला लावली. धनलक्ष्मीनं लगेच चुकलेलं घर दाखवलं, उजव्या कोपऱ्यात, फुलाच्या देठाशी. तिसरी उघडली, तिच्यातही सापडलं. म्हणजे सोंग बिनचूक होतं. अव्वाच्या चादरीतच चूक नव्हती. मास्तरांनी ती पुरी केली होती, आणि आठ महिन्यांपूर्वी शांतपणे गेले होते.

शरणबसवला हे एका क्षणात उमगलं. 'मग राहू द्या की,' असं त्याच्या ओठावर आलं होतं. ते तो बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पाच वाजत आले होते, आणि धनलक्ष्मीची बोटं कळांवर गेली होती.

"अशी नेली तर अव्वा म्हणेल, ही त्यांची न्हाय. ती हात फिरवून आदी चूक हुडकती," ती पुटपुटली, आणि तिनं पहिल्या टर्मिनलला निरोप लिहिला: अप्पा, एक घर राहिलंय.

कोपऱ्यात काही हाललं नाही. मशिनची घरघर जरा खाली गेल्यासारखी वाटली. खोलीत तपकिरीचा वास पसरला, इतका उग्र की शरणबसवला सणसणून शिंक आली.

टक्…

पडद्यावरचा कर्सरचा ठोकळा हलला. धनलक्ष्मीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. ठोकळा एकेक घर खाली उतरू लागला, सावकाश, थांबत थांबत. चिमण्यांच्या मधून, कणसांच्या खालून, डावीकडच्या कडेपर्यंत. तिथं तो बराच वेळ लुकलुकत राहिला. जणू विचार करत होता. मग एका ठिपक्याची फुली झाली.

लॅपटॉप पुन्हा ओरडला. या वेळी ओळ अगदी लहान होती.

सरी. राहतो.

कानडीतलं 'सरी' म्हणजे बरं. एवढं शरणबसवला कळत होतं. त्यापुढचा शब्द त्याला कळला नसता तर त्याला जास्त बरं वाटलं असतं. धनलक्ष्मीनं डोळे पुसले. "बघा, ऐकलं की न्हाय माझं?" ती म्हणाली.

शरणबसवनं ती नक्षी ओळीओळीनं लॅपटॉपवर उतरवून घेतली, तीनदा ताडून पाहिली. केबल काढण्याआधी त्यानं एकदा, नको नको म्हणत, मशिनला विचारलं, आत कोण कोण आहे? एकच नाव आलं, धनलक्ष्मीचं. पहिलं टर्मिनल रिकामं होतं. मास्तर मशिनमधून निघून गेले होते. कुठं गेले, हे सांगायची सोय युनिक्समध्ये नाही.

पाचला भंगारवाला आला आणि सगळं उचलून घेऊन गेला. शरणबसवनं मजुरी घेतली नाही. धनलक्ष्मीनं फारच आग्रह केला तेव्हा तो म्हणाला, "अक्का, एक दिवस जुनं काम करायला मिळालं, भरून पावलो." ते खरंच होतं. घरी जाऊन तो दोन तांबे पाणी प्यायला, देवापुढं जरा जास्त वेळ बसला, आणि आठवडाभरात ही गोष्ट मित्रांना हसून सांगायलाही लागला.

जून निम्मा गेल्यावर एका दुपारी धनलक्ष्मीचा फोन आला. चादर विणून झाली होती. निळ्या अंगावर पांढऱ्या चिमण्या. अव्वा इतकी खूश की गल्लीतल्या प्रत्येक बाईला बोलावून दाखवली. त्या दिवसापासून ती दोन घास जास्त जेवते, एकटीच हसते, गाणी म्हणते.

"लई बेस झालं की, अक्का!"

"व्हय. एकच तक्रार हाय तिची." धनलक्ष्मी हसली, पण ते हसू लगेच थांबलं. "दुपारी कूलर लावून पडती ना ती, चादर घेऊन. म्हणती, सगळी चादर वडून घेत्यात. मला गार वाजतंय."

"कोण वडून घेतंय?"

धनलक्ष्मी अगदी खालच्या आवाजात बोलू लागली, शेजारी कुणी निजलेलं असावं तशी.

"आत्ता बघून आले, अण्णा. अव्वा भिंतीच्या कडंला निजलीय, आंगावर काय न्हाय. चादर सगळी पलीकडं… ती पसरलेली न्हाय. खांद्यापास्नं पायापातुर उंच हाय… आन हळूहळू वर-खाली हुतीय."

"अक्का… मग?"

"मग काय? अव्वा अर्धवट झोपंत उठली. चादरीवर एक धपाटा घातला, म्हणली, सरका की तिकडं जरा. आन अण्णा… चादर सरकली."